‘कलम वाढवा’ म्हणण्याआधी

सातारा-सांगलीकडे भांडणात, अपघातात किंवा रानात माणूस गेला की सिव्हिलच्या शवागाराबाहेर आणि पोलीस ठाण्याच्या आवारात एकच मागणी ऐकू येते: तीनशे दोन लावा, नाहीतर मयत ताब्यात घेणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं, खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ हे १०९ झालं, फसवणुकीचं चारशेवीस ३१८ मध्ये गेलं. लोकांच्या तोंडी आकडे जुनेच राहिले आणि मागणीही तीच राहिली. ठाणे अंमलदारावर दबाव येतो, एखाद्या पुढाऱ्याचा फोन येतो, रात्री उशिरा वाढीव कलम लागतं आणि जमाव पांगतो. काही वर्षांनी तोच खटला सत्र न्यायालयात ढासळतो, तेव्हा त्या जमावातलं कोणी कोर्टाच्या बाकावर दिसत नाही.

मागणीमागचं दुःख खरं असतं, हिशेब चुकतो. जेवढं नुकसान मोठं तेवढं कलम मोठं, असा तो हिशेब. फौजदारी कायदा नुकसान बघतो, पण त्याच्या जोडीला करणाऱ्याचं मनही बघतो. कृत्य आणि मन दोन्ही सिद्ध व्हावी लागतात, तीही एकाच वेळची. मनाचा तपास हा काही अंतर्ज्ञानाचा विषय नव्हे. रक्ताच्या डागांइतक्याच मूर्त गोष्टींवरून तो करायचा असतो. आपल्याकडे बहुतेकदा तो होतच नाही, त्याच्या जागी एक आकडा लिहिला जातो. या सवयीची किंमत आरोपीपेक्षा मयताच्या घरच्यांनाच जास्त मोजावी लागते, असं माझं म्हणणं आहे.

शिराळा, पाटण, जावळी या डोंगराकडच्या तालुक्यांत ओळखीचं असलेलं एक प्रकरण घेऊ. रानडुक्कर भुईमूग उकरतं, मका लोळवतं. गवा उसात शिरतो. वैतागलेला शेतकरी बांधाच्या कडेने गुडघाभर उंचीवर उघडी तार ओढतो आणि मोटारीच्या पेटीतून किंवा खांबावर आकडा टाकून तिच्यात थेट २३० व्होल्टचा प्रवाह सोडतो. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. शेजारचा माणूस रात्री दोन वाजता दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो, ओल्या पायाने तारेला लागतो आणि जागीच संपतो.

गुन्हा कोणता? तार तीच, मरणही तेच, तरी उत्तरं चार निघू शकतात. शेजाऱ्याशी वैर होतं, तो याच वाटेने येणार हे माहीत होतं आणि त्याच्यासाठीच तार लावली, तर तो खून, कलम १०३. मारायचं नव्हतं, पण या पायवाटेने रात्री माणसं जातात आणि तारेला लागलं तर जीव जाऊ शकतो याची पुरती जाणीव असूनही पेटी चालू ठेवली, तर सदोष मनुष्यवध. कलम १०५ चा दुसरा भाग, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. रान आपलं आहे, मधोमध तार आहे, इकडे कोण येतंय, असा निष्काळजी समज करून घेतला, तर हयगयीने मृत्यू. कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत, आणि जामीनपात्र. आणि क्षणभर झटका देऊन थांबणारी झटका मशीन रीतसर बसवली होती, पाटी होती, पण वरची लाइन तुटून कुंपणावर पडली, तर तो अपघात. कलम १८ म्हणतं की तो गुन्हाच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये चेरुबिन ग्रेगरी यांचा असाच खटला निकाली काढला होता. बिहारमधली घटना. शेजारणीच्या संडासाची भिंत पडली म्हणून ती याच्या संडासाकडे येऊ लागली. याने नको सांगितलं, ऐकलं नाही म्हणून वाटेवर उघडी तांब्याची तार लावून वीज सोडली, आणि ती बाई मेली. ‘ती माझ्या जागेत परवानगीशिवाय आली होती’ हा बचाव न्यायालयाने मानला नाही. त्या वेळच्या ३०४-अ, म्हणजे हयगयीने मृत्यूच्या कलमाखालची शिक्षा कायम केली. बाई तिथे येतात हे त्याला माहीत होतं, म्हणूनच तार लावली होती. माझ्या मते तिथे हयगयीच्या पुढची, जाणिवेची सामग्री होती. पण न्यायालयापुढचं अपील त्या कलमापुरतंच होतं.

म्हणून अशा प्रकरणात पहिल्या दोन दिवसांत काय गोळा होतं यावर सगळं ठरतं. तार जमिनीपासून किती इंचांवर होती. ती पायवाट गावनकाशात आहे का, नसली तर वहिवाटीची आहे का, कोण कोण वापरतं. त्या रात्री त्या फीडरला, म्हणजे रानाला वीज पुरवणाऱ्या लाइनला, वीज किती वाजता आली, याची महावितरणच्या उपकेंद्रातली नोंद. तारेला लाल फडकं, पाटी, बल्ब काही होतं का. आधी त्या तारेला कुत्रं किंवा रेडकू लागून मेलं होतं का. मेलं असेल तर जाणिवेचा याहून चांगला पुरावा नाही. वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आज तार चालू आहे’ असा निरोप टाकला होता का. हा निरोप दोन्हीकडे कापतो: धोका माहीत होता हेही त्यातून दिसतं आणि लोकांना वाचवायचा प्रयत्न होता हेही. प्रत्यक्ष पंचनाम्यात यातलं काय सापडतं? ‘सदर ठिकाणी उघडी तार मिळून आली.’ एवढंच.

आणखी एक गफलत इथेच होते. माणूस मेल्याचं पहाटे बघितल्यावर घाबरून तार गुंडाळली, मयत ओढ्यात नेऊन टाकलं. हे कळताच गाव म्हणतं, बघा, खूनच केला. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम २३८. तो नंतरची भीती दाखवतो. रात्री दोनच्या आधी मनात काय होतं, ते त्यावरून सिद्ध होत नाही. नंतरच्या वागण्याला पुराव्यात जागा आहे, पण ते एकटं उभं राहत नाही.

मरणाच्या आकड्यावरूनही गुन्ह्याची जात ठरत नाही. वाई तालुक्यातल्या मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आगीत जवळपास तीनशे माणसं गेली. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, वाटेवरची दुकानं. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली. एवढी माणसं गेली तरी कोणाचा मारण्याचा उद्देश त्यात शोधून सापडणार नव्हता.

शब्दांचीही सरमिसळ होते. मराठीत उद्देश, इरादा, हेतू हे आपण एकमेकांच्या जागी वापरतो. कायद्याला ते चालत नाही. उद्देश म्हणजे या कृत्यातून हा परिणाम घडावा असं ठरवणं. जाणीव म्हणजे घडावा असं ठरवलेलं नाही, पण घडेल हे ठाऊक आहे. हेतू म्हणजे त्यामागचं कारण: बांधाचं भांडण, सोयरीक मोडली, ग्रामपंचायतीत पडलो. फिर्यादीत ‘पूर्ववैमनस्यातून’ असं लिहिलं की हेतू आला, उद्देश आला नाही. वीस वर्षांचं वैर असलेला माणूसही एखाद्या दिवशी फक्त ढकलाढकली करतो. आणि काही वैर नसलेला माणूस पाच मिनिटांच्या बाचाबाचीत पोटात कोयता घालतो. त्याचा उद्देश त्या घावातून दिसतो, हेतू काहीही असो.

कोयत्याचं काय करायचं हा या भागातला जुना प्रश्न. उसाच्या फडात प्रत्येकाच्या हातात तो असतोच. म्हणून ‘धारदार शस्त्राने’ एवढ्यावर उद्देश ठरत नाही. हत्यार घरून आणलं की तिथेच हाताला लागलं, हा पहिला प्रश्न. धारेने मारलं की पाठीने की मुठीने, हा दुसरा. शरीरावर जागा निवडली होती की झटापटीत लागलं, किती वार, पडल्यावरही मारत राहिला का, कोणी आवरलं म्हणून थांबला की आपणहून थांबला. पायावर चार वार करणारा आणि मानेवर एकच वार करणारा यांत दुसऱ्याचा गुन्हा मोठा असू शकतो.

मुंबई उच्च न्यायालयाचा १८७६ चा गोविंदा खटला दीडशे वर्षांनंतरही वकिलीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला लाथ मारून पाडलं, छातीवर गुडघा ठेवून तोंडावर बुक्क्या मारल्या. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. सत्र न्यायालयाने खून धरून फाशी दिली होती. न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी भेद मांडला: अशा बुक्कीने मृत्यू ‘संभवतो’, पण निसर्गक्रमाने तो ओढवण्यास ती ‘पुरेशी’ म्हणता येत नाही, म्हणून सदोष मनुष्यवध, खून नव्हे. आजच्या वाचकाला हे वाचून राग येईल, आणि तो मला समजतो. पण ‘संभवतो’ आणि ‘पुरेशी’ या दोन शब्दांमधल्या अंतरावर आजही फाशी, जन्मठेप आणि दहा वर्षं ठरतात.

१९५८ च्या विरसा सिंगच्या निकालात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तोच धागा उलट्या बाजूने पकडला. पोटात भाल्याचा एकच घाव. बचाव होता: एकच तर मारला, जिवे मारायचं नव्हतं. न्यायालय म्हणालं, मारायचं होतं की नाही हे विचारूच नका. जखम आहे का. ती कोणत्या प्रकारची. तीच जखम करायची होती की अपघाताने झाली. आणि ती निसर्गक्रमाने मृत्यूस पुरेशी आहे का. चौथा प्रश्न आरोपीच्या मनाचा नाहीच, तो डॉक्टरचा आहे.

आणि नेमका हा प्रश्न डॉक्टरला विचारायचा राहतो. शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूचं कारण येतं: ‘रक्तस्राव व आघातामुळे’. तपासी अंमलदाराने जप्त हत्यार सीलबंद पाठवून लेखी विचारायला हवं: ही जखम या हत्याराने होऊ शकते का, किती जोर लागला असेल, कोणता अवयव कापला, आणि ही एकटी जखम निसर्गक्रमाने मृत्यूस पुरेशी आहे का. हे पत्र गेलं नाही की साक्षीत डॉक्टर सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांवर, गप्प आणि उलटतपासात ‘वेळेवर उपचार मिळाले असते तर वाचला असता’ म्हणतो. कायद्याने त्या उत्तराने फरक पडत नाही, वेळेवर उपचार न मिळणं हा बचाव नाही. पण ‘पुरेशी’ हा शब्द कागदावर नसेल तर १०३ चा १०५ होतो. मोर्चाने चढवलेलं कलम एका न पाठवलेल्या पत्राने उतरतं.

जखमेच्या बाबतीतही तेच. नव्या संहितेत जबर दुखापतीच्या यादीतले वीस दिवस पंधरा झाले. हाड किंवा दात मोडणं जुन्यासारखंच यादीत आहे. दाखल्यावर ‘फ्रॅक्चर’ दिसलं की ठाण्यात ११७ लागतं. कलम पूर्ण वाचलं तर त्यात दोन गोष्टी एकत्र लागतात: जबर दुखापत झाली पाहिजे आणि करणाऱ्याला ती करायची होती किंवा होईल हे ठाऊक होतं. गळपट्टी धरून ढकललं, माणूस पाटात पडला आणि मनगट मोडलं, तर परिणाम जबर, मन साध्या दुखापतीचं. याच्या उलट, दहा फुटांवरून गावठी कट्ट्यातून गोळी झाडली आणि ती भिंतीत गेली, तर जखम शून्य आणि गुन्हा १०९. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये बलराम बामा पाटील खटल्यात महाराष्ट्रालाच हे सांगितलं होतं: प्रयत्नाच्या कलमाला मृत्यू ओढवेल अशी जखम लागत नाही, उद्देश आणि कृत्य लागतं. म्हणजे परिणामावर कलम ठरवणारा तपास दोन्हीकडे चुकतो. ज्याने नेम चुकवला तो ‘काही लागलं नाही ना?’ म्हणून अदखलपात्र नोंदीवर सुटतो.

आता फिर्यादीकडे वळू. ‘यातील आरोपींनी गैरकायद्याची मंडळी जमवून, संगनमत करून, शिवीगाळ दमदाटी करून, जिवे मारण्याच्या उद्देशाने...’ हे वाक्य कोणा फिर्यादीचं नसतं. ते ठाण्याचं असतं, कॉम्प्युटरमध्ये साठवलेलं. वकील उलटतपासात शांतपणे विचारतो, ‘गैरकायद्याची मंडळी म्हणजे काय?’ फिर्यादी गोंधळतो. ‘हे शब्द तुम्ही सांगितले होते का?’ ‘नाही.’ मग पुढचं सगळंच पोलिसांनी रचलेलं का नसावं, असा प्रश्न कोर्टात तरंगत राहतो. त्यापेक्षा ‘आज ह्याला सोडायचा नाय’ असं नेमकं कोण ओरडलं, कोणी ऐकलं, ते ओरडण्याआधी मारलं की नंतर, हे फिर्यादीच्याच बोलीत लिहिलं तर उद्देशाचा तो जिवंत पुरावा होतो. बोलीभाषेतली फिर्याद गबाळी दिसते आणि टिकते.

त्याच वाक्यातलं ‘संगनमत करून’ घराघरांत आग लावतं. भांडण दोघांचं, फिर्यादीत नावं अकरा: भाऊ, भावजय, म्हातारा, पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या. सामाईक इराद्याला, आता कलम ३(५), मनं आधी जुळावी लागतात. जागच्या जागी जुळली तरी चालतात, पण जुळल्याचं दिसलं पाहिजे. सिंधू नदीच्या काठी बोरू कापण्यावरून झालेल्या भांडणात दोघांनी दोन बंदुका झाडल्या. एकाच्या गोळीने माणूस मेला, दुसऱ्याच्या गोळीने दुसरा जखमी झाला. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९४५ मध्ये महबूब शाहला खुनातून सोडलं: दोघांचा इरादा सारखा असेल, सामाईक होता हे सिद्ध नाही. अकरा नावं घातली की पुतण्याची पुण्यातली हजेरी बाहेर येते आणि ती एक खोटी साक्ष उरलेल्या दहा खऱ्यांना घेऊन बुडते.

फसवणुकीत हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण तिथे जखमच नाही. सगळा गुन्हा मनातच आहे. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्या. वाहनमालक पावसाळ्यात तोडणी टोळीच्या मुकादमाला नोटरी करून इतक्या कोयत्यांची, म्हणजे इतक्या जोड्यांची, लाखांतली रक्कम देतो. गळीत हंगाम सुरू होतो आणि टोळी येत नाही. सांगली-सातारच्या ठाण्यांत दर हंगामात या फिर्यादी येतात, फसवणुकीचं चारशेवीस आणि विश्वासघाताचं चारशेसहा दोन्ही लावून. सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात २००० मध्ये सांगितलेली कसोटी साधी आहे: फसवायचा इरादा पैसे घेताना होता का? नंतर शब्द मोडला तर तो करारभंग. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या निकालात त्याच न्यायालयाने आणखी बजावलं की एकाच व्यवहारावर फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही एकदम टिकत नाहीत: एकात पैसे कपटाने काढले जातात, दुसऱ्यात विश्वासाने दिलेले नंतर खाल्ले जातात. तरी फिर्यादी दोन्ही कलमं लावूनच येतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे असे गुन्हे रद्द करून घ्यायला आता मुंबईचा प्रवासही लागत नाही.

घेतानाचा इरादा कसा दिसतो? त्याच मजुरांची नावं आणि त्याच आधारच्या प्रती लावून मुकादमाने त्याच हंगामात तीन मालकांकडून उचल घेतली, तर इरादा घेतानाच होता. यादीतल्या मजुरांना विचारलं आणि त्यांना पत्ताच नाही, तर तोच इरादा. पण बँकेच्या उताऱ्यावरून पैसे मजुरांच्या खात्यावर गेलेले दिसले, आणि टोळी जास्त दराला दुसऱ्या कारखान्यावर पळाली, तर मुकादमही तुमच्यासारखाच फसलेला माणूस असू शकतो. हे कागद पहिल्या महिन्यात मागवले नाहीत तर ‘दिवाणी स्वरूपाचा वाद’ हा शेरा अटळ आहे.

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळच्या द्राक्षांचंही असंच. परप्रांतातला व्यापारी पहिल्या दोन गाड्यांचे पैसे चार किलोच्या पेटीमागे रोख मोजतो, तिसऱ्या-चौथ्या गाडीला चेक देतो आणि मोबाइल बंद. बाजार पडला म्हणून बुडालेला व्यापारी आणि बुडवायला आलेला व्यापारी यांत फरक करायचा तर बघायचं ते असं: चेकचं खातं चेक देताना चालू होतं का, त्याने भाड्याने घेतलेल्या खोलीचा पत्ता आणि नाव खरं होतं का, एकाच आठवड्यात किती बागांतून उधार माल उचलला, आणि तो माल पुढे ज्या बाजारात विकला तिथल्या विक्रीच्या पट्ट्या काय सांगतात. विक्रीचे पैसे त्याच्या हातात आले होते आणि त्याच दिवशी तो बागायतदाराला ‘गाडी सडली’ म्हणत होता, तर मन उघडं पडतं. हे करायला परराज्यात एक हवालदार चार दिवस पाठवावा लागतो. तो पाठवला जात नाही, त्याऐवजी कलमांची संख्या वाढवली जाते.

बांध आणि पाणी यांबद्दल थोडक्यात. बांध कोरला, वादातल्या रानातला ऊस तोडून नेला, तर चोरीला ‘अप्रामाणिकपणा’ लागतो. रान आपलंच आहे असं प्रामाणिकपणे मानणाऱ्याकडे तो नसतो. तिथे ठाण्यापेक्षा भूमी अभिलेखची मोजणी उपयोगाची. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या कालव्यावरचं दार रात्री उचकटून पाणी वळवणं मात्र फार गंभीर, कलम ३२६ खाली पाच वर्षांपर्यंत. पण तिथेही पाण्याच्या पाळ्यांचं पाळीपत्रक आधी बघावं, पाळी खरंच त्याची होती का.

दारूबद्दलचा गैरसमज दोन्हीकडे आहे. आरोपीचे लोक म्हणतात, ‘प्यालेला होता, शुद्धच नव्हती.’ आपणहून प्यालेल्याला कायदा जाणीव बहाल करतो, जणू तो शुद्धीत होता, कलम २४. उद्देश मात्र परिस्थितीवरून काढावा लागतो. १९५६ च्या बासदेव खटल्यात लग्नात प्यालेल्या माजी सैनिकाने जागेवरून सरकत नाही म्हणून एका पोराच्या पोटात गोळी झाडली. तो चालत होता, बोलत होता, पळून जायचा प्रयत्न केला, म्हणून खुनाची शिक्षा टिकली. दारू पिऊन गाडी चालवून माणसं मारणाऱ्यावर सदोष मनुष्यवध लागू शकतो, हे अॅलिस्टर परेरा खटल्यात दिसलं: २००६ मध्ये वांद्र्याच्या फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाणिवेवर आधारलेली शिक्षा कायम केली. पण त्यासाठी रक्ताचा नमुना वेळेत हवा. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे, आणि नमुना सकाळी घेतला तर रात्रीची दारू त्यात उरत नाही. रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्यांवर आदळून दुचाकीस्वार गेला, तर गाव १०५ मागतं. ते लावायचं तर चालकाला त्याच रात्री कोणी बजावलं होतं का, गाडी रस्त्यातच उभी होती का, हे आधी शोधा. नसेल तर १०६ आहे आणि तेच टिकेल.

मनाचा प्रश्न जिथे विचारलाच जात नाही असेही गुन्हे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये मेयर हान्स जॉर्जच्या बेकायदा सोनं आणल्याच्या खटल्यात अज्ञानाचा बचाव झिडकारला, आणि पुढच्याच वर्षी नथुलाल या धान्यव्यापाऱ्याला, परवान्याचा अर्ज व फी भरून तो मिळेलच असं मानून गहू साठवणाऱ्याला, मन दोषी नाही म्हणून सोडलं. त्यानंतर संसदेने जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यात दोषी मन गृहीत धरणारी तरतूद घातली. अशा कायद्यांची यादी वाढत चालली आहे आणि ते मला धोक्याचं वाटतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

यावर ठाण्यातलेच अनुभवी लोक एक युक्तिवाद करतात: मोठं कलम लावलं तर बिघडलं कुठे? कोर्टाला त्यातल्या त्यात लहान गुन्ह्यात शिक्षा देता येतेच. खरं आहे, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम २४५ तसं म्हणतं. पण तपास ज्या कलमाचा, पुरावा त्याच कलमाचा गोळा होतो. १०३ लावलं की सगळी मेहनत ‘मारायचंच होतं’ दाखवण्यात जाते, आणि ‘धोका माहीत होता’ हे दाखवणारी फीडरची नोंद कोणी मागवत नाही. शेवटी उद्देश सिद्ध होत नाही, जाणिवेचा पुरावा नाही, आणि जे सहज १०५ मध्ये बसलं असतं ते १०६ वर येऊन थांबतं किंवा तेही नाही. मधल्या काळात साक्षीदारांना कलमाला शोभेल अशी साक्ष द्यावी लागते. पहिल्या जबाबात नसलेलं दुसऱ्यात येतं आणि ती तफावत बचावाची शिदोरी होते. शिवाय मोठ्या कलमाचा भाव होतो. ‘एकशेनऊ काढायचं असेल तर’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या बैठका गावोगाव होतात. त्यात कोण विकलं जातं हे सांगायला नको.

याच नागरिक सुरक्षा संहितेत एक चांगली सोय आहे. तीन वर्षं किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. गंमत अशी की चारशेविसाच्या जागी आलेलं ३१८(४) बरोबर सात वर्षांचं, म्हणजे या सोयीच्या जरासं बाहेर. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाण्याची तरतूदही आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत देऊन. यामुळे पहिल्या रात्री लिहिलेलं कलम आता आणखी महत्त्वाचं झालं: ते फार लहान लिहिलं तर पथक येणार नाही, फार मोठं लिहिलं तर भलत्याच गोष्टी शोधेल.

ठाण्याने करायचं ते अवघड नाही. दोषारोपपत्राला एक पान जोडावं: कलमाचे घटक एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर तो कोणत्या साक्षीदाराने, कोणत्या कागदाने सिद्ध होणार ते. एखाद्या घटकासमोर जागा रिकामी राहिली तर एकतर पुरावा आणा नाहीतर कलम बदला. सरकारी अभियोक्त्याने ते पान न्यायालयात जाण्याआधी बघावं. अभियोग संचालनालयाला पोलिसांचा अहवाल तपासण्याचं काम नव्या संहितेने दिलंच आहे.

आणि ठाण्यावर जाणाऱ्या गावकऱ्यांनी निवेदनात कलमाचा आकडा घालू नये. त्याऐवजी लिहावं: त्या वाटेने रोज रात्री दारं धरायला कोण कोण जातं, त्यांची नावं. मागच्या महिन्यात त्या तारेला कोणाची शेळी लागली, तिचा पंचनामा झाला होता का. तार काढ म्हणून त्याला कोण सांगायला गेलं होतं, कोणत्या दिवशी, आणि तो काय म्हणाला.